मशीन माझं होतं

"उद्या ही साडी नको. जुनी एखादी नेस. लग्नाला आल्यासारखी दिसू नकोस."

मॅडम हे हसत म्हणाल्या. गटातल्या सगळ्या बायकांसमोर. त्यांच्या जयनगरच्या घराच्या व्हरांड्यात आम्ही सतरंजीवर होतो, त्या खुर्चीत. बायका हसल्या. मीही हसले. ते माझं हसणं मला आजही टोचतं.

साडी साधीच होती. सिंथेटिक, मोरपंखी. माझ्या कमाईची. ती नेसल्यावर मी गरीब दिसत नव्हते, एवढीच अडचण होती. दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुणे येणार होते, माझं घर बघायला.

मी निपाणीकडची. लग्न होऊन बंगळूरला आले. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. तेव्हा इथं कपड्यांचे कारखाने नवे नवे निघत होते. त्यातल्या एकात मी शर्टांच्या कॉलरी शिवायची. पाठीनं दगा दिला तेव्हा काम सोडलं. पी.एफ. हातात आला, त्याचं शिलाई मशीन घेतलं. जे. पी. नगरच्या मागच्या वस्तीत आमची एक खोली होती. तिथंच ब्लाऊज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे. गिऱ्हाईक होतं. घर चालत होतं.

मॅडमच्या संस्थेत मला शेजारची गौरम्मा घेऊन गेली. ती इडलीचं पीठ विकायची. तिला मोठा ग्राइंडर हवा होता आणि संस्था कर्ज द्यायची, पण गट झाला तरच. गटात एक बाई कमी पडत होती. ती मी झाले.

मॅडम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं बंगळुरात कैक पिढ्यांचं, पण घरात मराठी. मी मराठी बोलते म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "असू दे. भाषा तर एकच आहे ना आपली."

ते 'असू दे' मी ऐकलं. त्या दिवशी बाकीच्या बायकांना स्टीलच्या लोट्यात कॉफी आली. मला प्लास्टिकच्या कपात. लोटे कमी पडले असतील, अशी मी माझी समजूत घातली. पुढच्या खेपेलाही कमी पडले. तेव्हापासून मी त्या घरात डोळे उघडे ठेवून बसायला लागले.

शिकवायच्या मात्र छान. कन्नडमध्ये, मधूनच माझ्यासाठी मराठीत. भिंतीवर तक्ता लावून भांडवल म्हणजे काय ते सांगायच्या. नुसता पैसा म्हणजे भांडवल नाही. यंत्र, हत्यार, दुकान हेही भांडवल. हातातलं कसब, शिक्षण, हेही. चार माणसांत ओळख असणं, आपल्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणं, तेसुद्धा. मला ते पटलं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, आपल्याकडे बरंच काही आहे की. तो रंगारी. तोही बराच वेळ विचारत बसला, रंग मारायचा ब्रश धरतात का त्यात, म्हणून.

आणि मग साडीच्या त्याच दिवशी, पाहुण्यांपुढे काय बोलायचं याची तयारी करून घेताना, त्यांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाल्या, हिच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

मी म्हटलं, "माझं मशीन आहे, मॅडम. आधीपासून."

"स्वल्प, जरा थांब गं. मी समजावतेय ना."

गौरम्मानं माझा हात दाबला. मी थांबले. पण मनात किडा शिरला. मला रिकामी दाखवून मॅडमना काय मिळतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम पाहुण्यांच्या आधी आल्या. पर्समधून संस्थेच्या नावाचा स्टिकर काढला आणि माझ्या मशीनवर चिकटवला. वरून हात फिरवून नीट बसवला. मी विचारलं, हे कशाला? ओळखीसाठी, म्हणाल्या. सगळीकडेच लावतो. मी जुनी साडी नेसले होते. विटकी. ती बघून त्यांनी मान हलवली, पसंत पडल्यासारखी.

पाहुणे आले. गोरा नवरा, गोरी बायको, गळ्यात कॅमेरा. खोलीत शिरताना ते जसे बघत होते तसं बघणं मला ओळखीचं होतं. कारखान्यात परदेशी बायर यायचे. ते यायचे त्या दिवशी संडास धुतला जायचा, आम्हाला तोंडाला बांधायला स्वच्छ फडकी मिळायची. ते गेले की फडकी परत घ्यायचे. मला वाटलं, हे तेच चाललंय. फक्त इथं माल शर्ट नाही.

मॅडम इंग्रजीत बोलू लागल्या. माझं इंग्रजी कारखान्यातलं, मोजकं. पण 'नथिंग' कळलं. तेव्हा त्यांचा हात माझ्याकडे होता. 'वी गेव्ह' कळलं. तेव्हा हात मशीनवर होता. 'कॅपिटल' तर त्यांनीच शिकवलेलं. गोऱ्या बाईचे डोळे भरून आले. तिनं हात जोडले. मला नाही, मॅडमना. तिच्या नवऱ्यानं मला खुणेनं सांगितलं, चाकावर हात ठेव. स्टिकर दिसेल असा.

मी हात ठेवला. कॅमेरा वर गेला. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. आपण मराठीत म्हणतो ना, दुसऱ्याच्या दुःखाचं भांडवल करणं. भांडणात कितीदा ऐकलेलं. ते भांडवल मॅडमच्या तक्त्यावर नव्हतं. ते इथं होतं, माझ्या खोलीत. विटक्या साडीत उभं होतं. माझ्याकडे काही नसणं, हीच त्यांची पुंजी होती. म्हणून माझ्याकडे काही असून चालत नव्हतं.

मी चाकावरचा हात काढला. नखानं स्टिकरचा कोपरा उचलला आणि ओढला. अर्धा फाटला. उरलेला खरवडून काढला.

"माय मशीन," मी म्हटलं. "माय पी.एफ. माय मनी."

गोरा माणूस मॅडमकडे बघायला लागला. मॅडम हसल्या आणि त्याला इंग्रजीत भराभर काहीतरी सांगितलं. काय ते मला आजही माहीत नाही. माझं डोकं फिरलंय असं सांगितलं असेल. किंवा मी आभार मानतेय असंही. मी पुन्हा तेच बोलले, मोठ्यानं. मग कॅमेरा खाली गेला.

पाहुण्यांना गाडीत बसवून त्या परत आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"तुझ्यासारखीला मी माझ्या घरात बसवलं."

"माझ्यासारखी म्हणजे कशी, मॅडम?"

त्या वळून चालू लागल्या. मला हवं होतं उत्तर. त्यांच्या तोंडून हवं होतं.

मॅडमनी आमचा गट मोडला, कर्ज थांबवलं. गौरम्माचा ग्राइंडर राहूनच गेला. ती रडली, मला कन्नडमध्ये नको नको ते बोलली. म्हणाली, "अक्का, एक फोटो काढू दिला असतास तर काय झिजली असतीस?" तिचं खोटं नव्हतं. ती दगडी रगड्यावर पीठ वाटत राहिली आणि तो आवाज भिंतीतून मला ऐकू यायचा. मी माफी मागायला गेले नाही. तिनंही बोलणं टाकलं ते टाकलंच.

पुढं वस्तीत आणखी एक संस्था आली. एक तरुण माणूस कॅमेरा घेऊन दारात उभा राहिला. गोड बोलत होता, ताई ताई करत. तुमची कहाणी लोकांपर्यंत पोचवायची आहे, म्हणाला. मी त्याला आत घेतलं नाही. विचारलं, फोटो कोण बघणार? ते कुणाला पैसे देणार? त्यातले तुझे किती? तो म्हणाला, तुम्ही फारच संशय घेता.

घेते. घेणारच. माझं नाव, माझं तोंड, माझी गोष्ट, हे माझं आहे. ते मी कुणाच्या हातात फुकट देणार नाही, आणि मी नागवी होते असं कुणाला माझ्या तोंडावर सांगू देणार नाही. म्हणून हे मी स्वतः सांगते आहे. मधे कुणी समजावणारं नको.