मातीची सवत

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. रक्कम आठशे डॉलर. हजर: मी, माझा नवरा आणि त्या जुन्या घराची देखभाल करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षा.

हे आठशे आम्ही शहरातल्या, रिकार्टन उपनगरातल्या आमच्या घराच्या गळक्या बाथरूमसाठी बाजूला ठेवले होते. नवऱ्याला ते दूर दक्षिणेकडच्या सेंट्रल ओटागो भागातल्या एका जुन्या मातीच्या घराला द्यायचे होते. सोनं शोधायला आलेल्यांनी बांधलेलं, दोन खोल्यांचं. भोवती उघडे खडक, वाळकं गवत आणि पावसाचं नाव नाही, वाळवंटच म्हणा. दर महिन्याला सहा तास गाडी चालवून हा तिथे भिंती लिंपायला जायचा. आमच्याकडे नळाचा वॉशर बदलायचा झाला, तर "प्लंबरला बोलाव."

मी त्या घरावर जळायचे. दुसरी बाई असती तर निदान भांडता आलं असतं.

त्या दिवशी मुद्दाम सोबत गेले. त्याने लिंपलेल्या भिंतीला तडे गेले होते, पोपडे सुटले होते. अध्यक्षा म्हणाल्या, आता जाणकार गवंडी बोलवावा लागेल. नवऱ्याने तिथल्या तिथे आमचे आठशे देऊ केले. बोलताना भिंतीवरून हात फिरवत होता, आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवावा तसा. मला ताप आला की हा टेबलावर गोळी ठेवून ऑफिसला जातो.

मी एक पोपडा चुरून पाहिला. नुसती माती.

"अरे, यात शेण कुठंय?"

"हळू बोल गं."

"मराठीत बोलतेय. तुझी मावशी बिनशेणाचं अंगण सारवायची का?"

"या लोकांना काय सांगू, शेण कालवा म्हणून? हसतील."

"म्हणजे लाज तुला वाटली आणि बाथरूम माझी गेली!"

अध्यक्षांनी काय झालं म्हणून विचारलं. मी इंग्रजीत सरळ सांगितलं.

"जुन्या भिंतींत आम्हाला घोड्याची लीद सापडली होती," त्या म्हणाल्या. "पण तुझा नवरा स्वच्छ माती चाळून घ्यायचा. वाटलं, याला जास्त कळत असेल."

नवऱ्याचे कान लाल झाले. लीद घालून भिंतीचा एक तुकडा लिंपून पाहायचं ठरलं. पुढच्या महिन्यात त्याला एकही तडा नव्हता. अध्यक्षांनी आनंदाने नवऱ्याचे दोन्ही हात धरले. शेणाचा विषय काढला होता मी.

आठशे बाथरूमच्या फरशीवाल्याला दिले. त्या घरापायी आमचे गेले पंचवीस डॉलर: पाच पोती लीद, रस्त्यापलीकडच्या घोडेवालीकडून.