सहाव्या जागेवरचा मणी

"शाहीनताई, आमची ताई गेली वो..." नलूच्या धाकट्या भावाचा, गजाननचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. सकाळपासून तिच्या छातीत दुखत होतं, श्वास पुरत नव्हता. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, पण दुपार काही उलटली नाही. त्याला आता दीड महिना झाला.

मोर्शीची नलू आणि मी एम.एस्सी.ला अमरावतीत एकाच खोलीत राहायचो. महिन्या-दोन महिन्यांनी तिचे हातपाय असे ठणकायचे, की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला ते ढोंग वाटायचं. "परीक्षा आली की बरी दुखतात तुझी हाडं!" असं मी एकदा बोलून गेले. तिनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. पुढे प्रथिनांचा धडा सुरू झाला. पुस्तकातल्या हिमोग्लोबिनच्या आकृतीवर तिनं बोट ठेवलं. "हे पाह्य शाहीन, हे माह्यं दुखणं." तिला सिकलसेल होता, रक्ताचा आनुवंशिक आजार. मी तिचा हात धरून माफी मागितली, तर म्हणाली, "तुले कसं मालूम होईन? मीच सांगतलं नाई. मायनं शप्पथ घातली होती, लग्न मोडते म्हून." लग्न तिचं पुढे झालंच नाही...

अकोल्याच्या ज्युनिअर कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायला लागली. एकदा मी तिच्या तासाला मागे बसले होते. कापसाचे सलग दोन हंगाम वाया गेलेले. वर्गातले कितीतरी जण मजुरीला जात, हजेरी तुटक. नलूनं दोऱ्यात रंगीत मणी ओवून आणले होते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची अशी माळ, ती सांगत होती. मण्यांचा क्रम ठरलेला. माळ कुठे पीळ घेते, कुठे घड्या पाडते, मग स्वतःभोवती गुंडाळली जाऊन एक आकार घेते, आणि त्या आकारावरच तिचं काम चालतं. हिमोग्लोबिनमध्ये अशा चार माळा एकमेकींना बिलगून असतात. त्यांतल्या दोघींत सहाव्या जागेवर एकच मणी वेगळा आला, की ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब काड्या होतात. गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक नसांत अडकते.

"मॅडम, तो मणी बदलवता येत नाई काय?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

नलूनं माळ टेबलावर ठेवली. "नाई बेटा. येत असता तं मी आधी माह्या बदलवला असता."

तास संपला तरी ती मुलगी गेली नाही. हळूच म्हणाली, "माह्या बहिणीचे बी असेच हाडं दुखते. बाबा म्हणते, कामचोर हाय." त्याच रविवारी नलू त्या मुलीच्या गावी गेली, मलाही नेलं. बापाशी ती भांडली नाही. आपलं दुखणं सांगितलं, त्या लहान बहिणीला तपासणीला घेऊन गेली. निदान तेच निघालं. बाप दवाखान्याच्या बाकावर बसून रडला... त्याच्या शेजारी मी बसले.

गेल्या आठवड्यात अकोल्याला नलूच्या घरी गेले. तिच्या पलंगाशेजारी पाण्याचा तांब्या भरलेला होता. या आजारात सतत पाणी प्यावं लागतं. "काहून भरून ठेवता वो, वहिनी?" मी गजाननच्या बायकोला विचारलं.

"हात जाते ताई, आपोआप."

मी पलंगावर बसून तांब्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. वहिनी रिकामा तांब्या घेऊन माठाकडे गेली, आणि भरून पुन्हा तिथंच ठेवला.