बाईच्या तोंडी घातलेली गोष्ट

बाईच्या सासऱ्यानं फेट्यातून कागद काढून पंचांपुढे ठेवला, तेव्हा अक्षर ओळखून माझ्या तोंडचं पाणी पळालं. अक्षर माझंच होतं. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या घरी तिला सगळे बाईच म्हणत. तिची काडीमोड होणार की तिला पुन्हा त्याच घरी नांदायला धाडणार, हे त्या दुपारी ठरायचं होतं.

"पोरीनं सोता लिहून देल्लं हाये," सासरा म्हणाला. "म्हणते, चूक माहीच होती, मले घेऊन जा. आमी गाडी घेऊनच आलो."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

हे कसं झालं ते सांगतो, आणि स्वतःला वाचवून सांगणार नाही. त्या वर्षी सातासमुद्रापार कुठे तरी लढाई चालली होती आणि तिच्यापायी कापसाला सोन्याचा भाव येऊन आमच्या हिवरखेडच्या बाजूला घरोघरी तो आढ्याला लागला होता. गुरं बाहेर आणि कापूस गोठ्यात, अशी तऱ्हा. हात कमी पडतात म्हणून मला अकोल्याच्या शाळेतून घरी बोलावलं होतं. शाळेतल्या मास्तरांनी आम्हाला एक छापील गोष्ट वाचून दाखवली होती. तीत एक म्हातारा आपली हकीकत आपणच सांगत होता. "लिहिणारा वेगळा आणि सांगणारा वेगळा, कळलं का रे?" असं मास्तरांनी तीनदा विचारलं. मला कळलं, निदान मला तसं वाटलं. उथळ पाण्याला खळखळाट फार. घरी आल्यावर काही दिवसांनी मीही गोष्ट लिहायला बसलो.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. बाई दसऱ्याच्या सुमारास सासरहून चार कोस उन्हात एकटी चालत आली होती, हातात फक्त पितळेचा तांब्या. "मी वापस जानार नाई," एवढंच ती बोलली आणि दुसऱ्या दिवसापासून कापूस वेचायला जाऊ लागली. मी तिला काही विचारलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही; मला सगळं सुचत होतं. मी बाईच्या तोंडून गोष्ट सांगायला लागलो. तीत ती तांब्या घेऊन निघते, रडते, नवऱ्याच्या पायांचं ध्यान करते, चूक माझीच होती, मला घेऊन जा म्हणते, आणि वेशीवर भाऊ धावत येऊन तिच्या गळ्यात पडतो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायला हवे होते ना!

आले भरून. बाई शेतात असताना मी ती गोष्ट सरकी काढणाऱ्या बायांना वाचून दाखवली आणि त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या. अमरावतीला कापूस घेऊन निघालेल्या एका गाडीवानानं कागद मागितला, तोही मी फुशारकीनं दिला. वाटेत मुक्कामाला कुणी वाचता येणारा भेटला की गाडीवान त्याच्याकडून गोष्ट वाचून घ्यायचे. अशानं ती बाईच्या सासरच्या गाववाल्यांच्या कानी पडली आणि कागद सासऱ्याच्या हाती गेला.

आता मुख्य गाढवपणा. आमच्याकडे तेव्हा माणूस कागदावर 'मी' म्हणून बोलायचा तो फक्त काही लिहून देताना. लिहिणारा दुसराच असे. ज्याचं बोलणं त्याची खाली निशाणी, कुणब्याची नांगराची, बाईमाणसाची बांगडीची. आणि मी, गोष्ट खरी वाटावी म्हणून, शेवटी एक सुबक बांगडी काढली होती.

"बांगडी बी हाये," मुख्य पंच कागद न्याहाळत म्हणाले. "पोरी, हे तूच लिहून देल्लं काय?"

"मले वाचून दाखवा," बाई म्हणाली.

गावचं लिहिणंवाचणं पाहणारे कुळकर्णी कापसाच्या मोसमापायी अमरावतीला गेलेले, त्यामुळे वाचणारा मी एकटाच. वाचलं. बायांना रडवणारी तीच वाक्यं, आता तोंडातून निघता निघेनात. बाईचा चेहरा पांढराफटक पडत गेला.

"ही कोन बोलून राहिली?" तिनं विचारलं.

"गोष्ट हाये, बाई."

"गोष्टीत राजा असते, राणी असते," पंच म्हणाले. "हे तं 'मी' म्हणते. अन् तांब्या बी हिचाच."

बाई उठून माझ्यापुढे येऊन बसली. "दौत घे. आता मी सांगन तसं लिही."

मी लिहू लागलो. सातव्या महिन्यात तिला गाडीवर कापसाचे बोजे चढवायला लावले. लेकरू गेलं. तिसऱ्या दिवशी कामाला उठली नाही म्हणून नवऱ्यानं बैलाच्या काठीनं मारलं. मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. तीन महिने एका घरात, एका चुलीचं खाऊन! बाई मात्र सावकाश, मलाच ऐकू जाईल अशा आवाजात, मी लिहून होईपर्यंत थांबून सांगत होती.

"वेशीपाशी माहा भाऊ चार मानसांत उभा होता. त्यानं मले पाह्यलं. पाठ फिरवली अन् घराकडे निंगून गेला."

माझी लेखणी थांबली. मी पाठ फिरवली ते तिनं पाहिलं नाही, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो.

"लिही ना. कावून थांबला?"

लिहिलं. पंचांनी ते वाचायला सांगितलं. ते एक वाक्य मी गाळलं असतं तर त्या बैठकीत कुणाला वाचता येत होतं? बाईला कळलं असतं; पण ती चारचौघांत मला खोटं पाडती, असं वाटत नाही. मी वाचलं, पाठ फिरवली तेही वाचलं.

"मंग भाऊ गळ्यात पडला, ते?" पंचांनी विचारलं.

"ते म्या रचलं."

"अन् चूक माहीच होती, हे?"

"ते बी म्याच. बाईनं यातलं काईच सांगितलं नाई. म्या तिले इचारलंच नाई."

सासऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की ते मी जन्मात विसरणार नाही. त्याचंही बरोबर होतं, गाडी त्यानं माझ्या शब्दावर आणली होती. पंचांनी गवताची काडी मागवली आणि सर्वांदेखत मोडली. बाई मोकळी झाली. गाडी आली तशी रिकामी परतली.

घरी येताना मी म्हटलं, "बाई, लोकांसमोर माही पार लाज काढली तू."

"तू काय केलं तेवढंच सांगितलं," ती म्हणाली. "कावून केलं, ते नाई सांगितलं. तुह्या मनातलं मले काय ठाऊक? ते तू सांग."

चार पावलं ती माझ्या उत्तरासाठी हळू चालली, मग पुढे निघाली. पुढे मी मास्तर झालो, पोरांना लिहिणारा आणि सांगणारा यांतला फरक शिकवत आलो. पण ते उत्तर दिलं नाही.

मला लाज वाटली होती, बाई. तुझीच. चार माणसांत तू माझी बहीण निघू नयेस, असं वाटलं होतं. हे आज लिहिलं, आणि वाचून दाखवायला तू नाहीस.