खंडेनवमीला चालू राहिलेला कंप्युटर

धनराजभाऊ निकमांना स्वस्थ बसता येत नाही, हे अख्ख्या जेलरोडला ठाऊक आहे. मनमाड जंक्शनवर सिग्नलच्या देखभालीत हयात गेली. निवृत्त होऊन नाशिकरोडला, या जेलरोडवर, लेकीकडे आले, पण हातांना कोण निवृत्त करणार? चहा पिता पिता पंख्याचा रेग्युलेटर उघडून ठेवतील. शेजाऱ्याची बेल वाजत नसली तर न बोलावता जातील. आणि काहीच हाती लागलं नाही तर लेकीच्या कंप्युटरच्या मागे लागतील. धूळ उडव, वायरी पुस, बंद कर, चालू कर. "अहो, जरा बूड टेका की," त्यांच्या पत्नी वत्सलाबाई म्हणायच्या. भाऊ टेकायचे, आणि टेकल्या टेकल्या पाय हलायला लागायचा.

लेक तेजश्री त्या कंप्युटरवर लोकांचे जुने, फाटके फोटो नीट करून द्यायची. सगळ्या कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कमध्ये असायची. "बाबा, कॉपी झाली की वायर काढायची आणि डिस्क कपाटात ठेवायची," तिनं बजावलं होतं. "मशीनमध्ये काही घोळ झाला तर निदान ही वाचेल." भाऊंना ते लगेच पटलं. सिग्नलवाल्याचा जन्मच एका गोष्टीवर जातो: शंका आली की लाल. गाडी थांबली तर शिव्या खाऊ, पण माणसं वाचतील.

इगतपुरीकडच्या गोजराबाईंनी त्यांच्या गेलेल्या मुलाचा, भिमाजीचा, फोटो आणला होता. एवढा एकच होता. तिकडच्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरून तो काचेला घट्ट चिकटलेला. सोडवताना तुकडे होतील हे तेजश्रीनं आधीच सांगितलं, म्हणून काचेवरूनच स्कॅन करून घेतला. मग सोडवायला गेली, आणि झालेच तुकडे. भिमाजीचा चेहरा उरला तो कंप्युटरात आणि डिस्कमध्ये. दसरा झाला की न्यायला येते, असं सांगून बाई गेल्या.

अष्टमीच्या दुपारी तेजश्री बाहेर गेली होती आणि भाऊ मशीनपाशी एकटे होते. अचानक स्क्रीन लालभडक झाली, भोंगा वाजायला लागला. वर लिहिलेलं: व्हायरस शिरलाय, मशीन बंद करू नका, या नंबरवर फोन करा. भाऊंनी केला. पलीकडचा साहेब मधासारखा गोड. "सर, तुम्ही तर टेक्निकल माणूस दिसता." झालं, भाऊ विरघळले. तो सांगेल ते मशीनमध्ये उतरवून घेतलं, सांगेल तिथं क्लिक केलं. सफाई उद्यापर्यंत चालेल, मशीन चालूच ठेवा, असं साहेब म्हणाला. लेकीला भाऊंनी अवाक्षर सांगितलं नाही. मशीन चकाचक झालं की मग सांगू, शाबासकी मिळेल.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं पुजायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा मनमाडच्या क्वार्टरपासूनचा नेम. तेजश्री तोरणाची फुलं आणायला बाजारात गेलेली. भाऊंनी पक्कड, टेस्टर, पाने ओळीनं मांडले, कंप्युटरला हळदकुंकू वाहिलं. मग डिस्क तरी मागे का ठेवायची? तीही लेकीचं हत्यारच. कपाटातून काढली, वायर लावली, तिचा दिवा लुकलुकला तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

आणि मग स्क्रीनवरचा बाण हलला. कुणी माऊसला हात लावलेला नाही, तरी फिरतोय, एकेक फोल्डर उघडतोय, आणि फायलींची नावं भराभर बदलतायत.

भाऊंना कळलं. लाल द्यायची वेळ होती ही. पण वत्सलाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या नि म्हणाल्या, "आता हात नका लावू हं, पूजा झालीय." भाऊंना तेवढाच आधार मिळाला. देवाचं भय वगैरे काही नव्हतं हो. प्लग काढला तर लेक कारण विचारणार आणि कालचा फोन बाहेर पडणार, याची लाज होती. त्यांनी हळूच साहेबाला फोन लावला. "काम चालू आहे सर, शांत बसून राहा."

आणि भाऊ बसले. जन्मात न बसलेला माणूस नेमका तेव्हा बसला. पायसुद्धा हलत नव्हता, आणि त्यावरूनच वत्सलाबाईंनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. भाऊंनी सांगितलं. बाईंनी ताट खाली ठेवलं आणि सरळ भिंतीतला प्लग उपटला. "देवाचं मी बघते," म्हणाल्या.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेजश्रीनं आल्यावर सगळं ऐकून घेतलं, सायबर पोलिसांना कळवलं, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलले.  चोरांनी फोटोंना कुलूप घातलं होतं, एकही उघडत नव्हता, डिस्कमधलासुद्धा. भाऊंचे हात पुन्हा शिवशिवायला लागले. "सगळं पुसतो, कोरं करतो. निदान तुझं काम तरी सुरू होईल." दसरा उलटल्यावर कंप्युटर त्यांनी कोरा केलाही. पुसायला डिस्क घेणार, तेवढ्यात गोजराबाई दारात.

"मी सांगतो," भाऊ म्हणाले, आणि काही न लपवता सांगितलं.

बाईंनी डिस्ककडे बोट केलं. "म्हंजी त्यो आत हाय का नाय?"

"आहे. पण कुलूप लागलंय. चावी चोरांकडे."

"उघडंल का कधी?"

"अशा चोरांच्या चाव्या कधी कधी पुढे सापडतात, मावशी," तेजश्री म्हणाली. "कधी कधी नाही सापडत."

गोजराबाईंनी डिस्कवरून हात फिरवला. खंडेनवमीचं कुंकू अजून तिच्यावर होतं.

"मंग पुसू नका, दादा. आत हाय, तोवर हाय त्यो."

भाऊंनी डिस्क कपाटात ठेवली. अजूनही ते सकाळपासून घरभर फिरतात, जे दिसेल ते उघडतात, झटकतात, पुसतात. त्या कपाटाला तेवढा हात लावत नाहीत.