बोथट टोकाचं झाड

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईने टूलरूममधल्या माणसाशी लग्न करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. केलंच, तर घरात कुंडी ठेवू नये.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही चिंचवडला राहायला आलो. हे कंपनीत टूलरूमला, म्हणजे यंत्रांची हत्यारं आणि साचे घडवायच्या खात्यात; मी पुण्याच्या एका कॉलेजात. कंपनीला सुट्टी गुरुवारी, कॉलेजला रविवारी. त्यामुळे गुरुवारी मुलगी ह्यांच्याकडे, रविवारी माझ्याकडे, आणि घर कायम अर्धंच आवरलेलं.

कासारवाडीला ओळखीच्या एक आजी राहायच्या, केनियाहून परत आलेल्या. मुलाची बदली झाली म्हणून त्या कुंड्या वाटत होत्या. तिकडून आणलेल्या एका झाडाचा बोटभर फुटवा त्यांनी मला दिला. पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं ‘सासूची जीभ’ म्हणतात ना, त्याचाच हा आफ्रिकेतला भाऊबंद. पण पानं चपटी नाहीत. काठीसारखी गोल, ताठ, अंगावर उभ्या खाचा.

“नाव काय हो ह्याचं?” मी विचारलं.

“तू शिकवतेस ना? मग तूच सांग,” असं म्हणून आजी बडोद्याला निघून गेल्या आणि माझ्या डोक्याला ताप लागला.

ह्या घराण्यातली गोल पानांची झाडं सगळी एकासारखी एक. फूल आलं तर ओळख पटते, पण फूल येतं त्याच्या लहरीने. तोवर खाचा, पानांची मांडणी आणि टोक ह्यांवर भागवायचं. बाकी सगळं एका जातीशी जुळत होतं, टोक तेवढं जुळेना. पुस्तकात टोक टणक आणि टोचणारं. माझ्या कुंडीत मात्र गोल, गुळगुळीत. एखादं पान मोडलेलं असतं तर समजले असते. इथे एकूण एक पान तसंच! पुण्यातले माझे जुने सर म्हणाले, पाणी जास्त होतंय. पाणी तोडलं. मग म्हणाले, ऊन कमी पडतंय. कुंडी ओढत व्हरांड्याच्या कडेला नेली. टोक आपलं गोलच. त्या झाडाने मला अक्षरशः रडकुंडीला आणलं होतं.

शेवटी सरांनी चष्मा कपाळावर चढवला. कुणाचं कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणाले, “जात नवी असू शकते. वर्णन लिहून ठेव. फूल आलं की पुढचं बघू.” मी घरी आले ती तरंगतच. लग्नानंतर संशोधन सुटलं होतं, ते असं कुंडीतून परत येईल असं वाटलं नव्हतं. वर्णनाचं पहिलंच वाक्य लिहिलं: पानाचं टोक बोथट. नव्या जातीला नाव काय द्यायचं तेही ठरवून टाकलं, पण ते कुणाला सांगितलं नाही.

पुढे एका गुरुवारी कॉलेज लवकर सुटलं. घरी येऊन बघते तो हे कुंडीपाशी उकिडवे बसलेले. खाली वर्तमानपत्र, हातात कानस. नवीन पानाचं टोक दोन बोटांत धरून घासत होते. मग पॉलिश पेपर फिरवला, फुंकर मारली आणि मुलीचा तळवा त्यावर ठेवून विचारलं, “बघ, लागतंय का?”

“अहो! हे काय चाललंय?”

“बर काढतोय,” हे शांतपणे म्हणाले. बर म्हणजे धातू कापल्यावर कडेला राहणारी टोचरी किनार. “पोरगी रांगायला लागली तेव्हापासून काढतोय. नेमकं तिच्या डोळ्यासमोर येतं गं हे टोक. धारदार जॉब आम्ही असा कुणाच्या हातात देत नाही.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तू कुंडीला हात तरी लावू देतेस का कुणाला? आणि काम बघ ना. तुला कळलंसुद्धा नाही!”

वर तोंड करून हे! मी ओरडले, मग रडले. मला बघून मुलगी रडायला लागली, आणि हे कानस हातात घेऊन दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. रविवारी सरांकडे गेले आणि वर्णन मागे घेतलं.

जात साधीच निघाली. आता वाकडच्या प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी ती कुंडीत उभी असते. दिसली की मी अंगठा टेकवून बघते. टोचते.

नवीन जातीला आपलं स्वतःचं नाव देत नाहीत, दुसऱ्या कुणाचं तरी देतात. मी ह्यांचं देणार होते. उखाण्याबाहेर ज्यांचं नाव मी आजवर कधी घेतलं नाही, त्यांचं.