रोटाची धिरडी

नवीन काही आणायचं नाही, घरात आहे तेवढ्यातच स्वयंपाक करायचा, ही कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर ती कोणीही स्वतःची म्हणवून घेतलेली नाही.

श्रावणातले दिवस. येत्या रविवारी आमची कुलदेवी कानबाई बसणार होती, आणि तीही जळगावात आमच्या घरी! एरवी ती पारोळ्याला, माझ्या थोरल्या काकांकडे, म्हणजे आबांकडे बसते. यंदा आबांचे गुडघे बोलायला लागले म्हणून मान माझ्या बायकोला, सुनंदाला मिळाला. लग्न झाल्यापासून तिला याचीच आस होती. ओटीचं सामान आणायला ती माहेरी दोंडाईच्याला गेली आणि स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं.

"काय कुठे आहे ते फोन करून विचारा," ती म्हणाली होती.

विचारायचं? माझ्याच घरात?

पहिल्या दिवशी उरलेल्या शेवेची भाजी केली. (शेव विरघळली. भाजी म्हणून प्यायलो.) दुसऱ्या दिवशी फडताळात मागे दडवलेला एक पितळी डबा सापडला. तोंडाला कोरं कापड बांधलेलं, आत पांढरंशुभ्र गव्हाचं पीठ. मला वाटलं, कापड किड्यांसाठी असेल! गूळ घालून झकास धिरडी केली. पीठ संपेना, म्हणून मीही थांबेना. शेवटी ताटभर धिरडी वरच्या मजल्यावरच्या कांतिलालशेठना नेऊन दिली. शेठ कापडवाले, मूळचे राजस्थानचे, दिवस मावळायच्या आत जेवणारे. म्हणाले, "भाऊ, ये तो एकदम फर्स्ट क्लास! अजून आहेत काय?"

होती. तीही नेऊन दिली.

शनिवारी सकाळी सुनंदा आली, पाठोपाठ आबा आले. तिनं डबा काढला. डबा हलका लागला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी डब्याकडे बघत राहिलो.

"यातलं पीठ?"

"धिरडी केली. आहे त्यातच भागवलं!" मी अभिमानानं सांगितलं.

"अहो, तो रोट होता!"

आता सांगतो. कानबाईच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याच्या पुरणपोळ्यांना, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, चक्की धुऊन दळतात, आणि तो रोट फक्त घरच्यांनीच खायचा असतो. बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. मी जन्मभर रोट चापून खाल्ला, पण त्याचं पीठ कानबाई बसायच्या आधी कुठल्यातरी डब्यात असणार, हे डोक्यातच आलं नव्हतं!

"तू एकलानी बठ्ठं खाई टाकं?" आबांनी विचारलं.

"नाही आबा, शेठनाही दिली," मी म्हणालो. मला वाटलं, त्यानं गुन्हा हलका होईल.

सुनंदानं डबा खाली ठेवला. "आता कानबाई परत पारोळ्याला," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेठना बोलावणं गेलं. ते घाबरत खाली आले. "आमच्याकडून काय चूक झाली काय?"

आबांनी बराच वेळ मिशा कुरवाळल्या. मग म्हणाले, "ज्यानी रोट खादा, तो आपला भाऊबंद शे. कानबाई आठेच बसी. गहू काढ, सुनंदा!"

सुनंदानं डोळे पुसून परात पुढे ओढली. आबा एकेकाचं नाव घेऊन गहू टाकू लागले. "कांतिलाल," म्हणत त्यांनी सव्वा मूठ टाकली. शेठनी हात जोडले. माझं नाव आलं तेव्हा आबांनी चिमूटभर दाणे टाकले.

"आबा, एवढेच?"

"तुना वाटा तू पहिलेच खाई टाका!"

रविवारी कानबाई आमच्याच घरी बसली. सुनंदा नव्या साडीत इतकी मिरवत होती की माझ्याकडे बघायलाही तिला फुरसत नव्हती. पंगतीत शेठच्या पानात रोटाच्या दोन पुरणपोळ्या पडल्या, माझ्या पानात एक तुकडा. तो संपल्यावर मी हळूच शेजारी हात नेला. शेठनी पान चटकन स्वतःकडे ओढलं.

"माफ करा भाऊ," ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्यात बाहेरच्याला रोट देत नाहीत."