जिवंत मुलीच्या फोटोला हार

२०१९ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, पुढचं सगळं आयुष्य मिठागरात. लिहिताना चुकलं तर चुकलं, पण खोटं लिहिणार नाही.

माझी मुलगी नटी आहे. आता आमच्या राई गावात हे कौतुकानं सांगणारे खूप झालेत. ती या धंद्यात गेली तेव्हा हेच लोक तोंडावर हात ठेवून हसायचे. पहिल्या सिनेमात ती तीन वेळा चहाचा ट्रे घेऊन आली आणि गेली. दुसऱ्यात नायिकेच्या मागे नाचली. मी म्हटलं, ट्रे उचलायला घर कमी होतं काय? तेव्हापासून तिच्याशी बोलणं सोडलं. ती घरी आली की बायकोला म्हणायचो, "हिला विचार, जेवणार हाय का." ती समोरच बसलेली असायची. तीही आईलाच म्हणायची, "ह्यांना सांग, जेवून आलेय." पंचवीस वर्षं हे चाललं. सिनेमातून ती मालिकांत गेली. आधी सून झाली, मग जाऊ, आणि चाळिशीच्या आत सासू. बाईला म्हातारी करायची फार घाई असते त्या लोकांना.

त्या वर्षी तिच्या मालिकेचं शूटिंग काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये चालायचं. आमच्या घरी टीव्हीच्या वर तिचा एक फोटो होता. दहावी पास झाली तेव्हा मीच तिला भाईंदरला नेऊन काढलेला. बोलणं बंद केलं होतं, फोटो उतरवला नव्हता. एक दिवस बघतो तर तिथे नुसता खिळा.

"काच बदलाया दिलाय," बायको म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी सकाळी, आळीतली चुलती रडत अंगणात आली. वय पंचाऐंशी.

"माझी बाय गं! फोटोला हार घातलाव, नि मला कोनी सांगितला पन न्हाय!"

मागोमाग आणखी चार बाया येऊन बसल्या. मालिकेत माझी मुलगी मेलेली दाखवली होती, आणि आमचाच फोटो हार घालून टीव्हीवर आला होता. नाटकातलं मरण चुलतीलाही कळतं. पण फोटो आमच्या घरातला होता, रोज बघितलेला. तो कसा खोटा असेल? बायकोनं मग कबूल केलं. मालिकेवाल्यांना जुना फोटो हवा होता, मुलीनं मागितला, हिनं दिला.

जिवंत पोरीसाठी माझ्या अंगणात बाया रडत होत्या. मी रिक्षा केली आणि काशीमीरा गाठलं.

आत फळ्यांचा बंगला उभा केलेला. भिंतीवर माझी मुलगी, गळ्यात हार, खाली उदबत्ती, तीही खरीच पेटवलेली. समोर एक उंचापुरा पोरगा आई आई करत रडत होता. मी त्याला बाजूला केला आणि फोटो उतरवला. हार तिथेच फेकला.

"अंकल! शॉट चल रहा है!" डायरेक्टर ओरडला.

"मी कोणाचा अंकल नाय. पोरगी जिवंत हाय माझी!"

मेकअपच्या खोलीतून मुलगी धावत आली. त्या रडणाऱ्या पोराच्या स्वप्नात येण्यापुरतं तिचं काम होतं त्या दिवशी.

"फोटो ठेवा, बाबा."

मी सवयीनं म्हणालो, "हिला सांग..." पण सांगायला बायको तिथे नव्हती. पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती.

"बाबा, दोन महिन्यांनी मला परत जिवंत करणार आहेत. तोवर हा फोटो रोज दिसला पाहिजे. नाहीतर लोक विसरतात आणि हे दुसरी बाई आणतात. या वयात मला नवीन काम कोण देणार?"

"खरंच मेल्यावर घाला म्हणावं हार."

"पंचवीस वर्षं तुमच्यासाठी मेलेलीच होते की. तेव्हा कुठे वाईट वाटलं?"

 मी फोटो काखेत मारला आणि निघालो. मागून डायरेक्टर कोणाला तरी सांगत होता, "ये वापसी का ट्रॅक ही बंद करो. बाप लोगों का झंझट नहीं चाहिए."

संध्याकाळी बायकोनं ताट आपटलं. "फोनवर रडतेय ती. तिला परत आणायची न्हाय असं चाललंय तिथं. झालं समाधान?"

"मी काय चुकीचं केलं?"

"तुमी कधी चुकलाव?"

फोटो मी खाटेवर ठेवला होता, पालथा. खिळ्याला लावायला हात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो टॉवेलात गुंडाळून बसनं काशीमीऱ्याला गेलो. वॉचमन आत सोडेना. डायरेक्टरची गाडी येईपर्यंत गेटवर उभा राहिलो. आयुष्यात मी कोणासाठी असा थांबलो नव्हतो. माफी मागितली नाही. "फोटो आणलाय. तिला जिवंत करायचं तेव्हा करा, पण करा," एवढंच म्हणालो. तो मला आत घेऊन गेला. त्यांच्या माणसाला फोटो सरळ लावता येईना, तेव्हा स्टुलावर चढून मीच लावला. हार त्यांनी घातला. तेवढ्या वेळ मी बाहेर जाऊन उभा राहिलो.